जमिनीवरचं विमान आणि आमच्या कशेळीचा कंटेनर

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कशेळीचा. हे नाव घेतलं की निम्मे लोक विचारतात, ‘म्हणजे कनकादित्याची कशेळी का?’ नाही. ती राजापूर तालुक्यातली, रत्नागिरी जिल्ह्यातली. आमची कशेळी भिवंडी तालुक्यातली. ठाण्याहून बाळकूम मागे टाकून खाडीवरचा पूल ओलांडला की आमचं गाव लागतं. त्या कशेळीत सूर्याचं देऊळ प्रसिद्ध आहे, या कशेळीत गोदामं. माझ्या लग्नाच्या वेळी आमचे एक लांबचे पाहुणे, ‘कशेळीला पोहोचतो’ असं कळवून थेट राजापूरच्या एस.टी.त बसले. माणूस शहाणा होता, निरोप पोहोचला होता, गावाचं नावही बरोबर होतं. तरी पाहुणे भलत्याच गावी उतरले. लग्न लागलं, जेवणावळ उठली, आणि ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आहेर घेऊन आले. आम्ही पुढे कितीतरी वर्षं त्यावर हसत होतो.

ज्या कामात माझी चौतीस वर्षं गेली, त्या कामात मात्र असा घोटाळा झाला तर हसायला कोणी उरत नाही. १९८३ ते २०१७ मी मुंबईच्या विमानतळावर जमिनीवरच्या कामाला होतो. विमान उतरून आलं की हातात दोन दांडे घेऊन त्याला जागेवर लावायचं आणि निघताना मागे ढकलून वाटेला लावायचं. आमच्या गावात मला अजून ‘विमानाचा ट्रॅफिक पोलीस’ म्हणतात. आम्हाला ‘मार्शलर’ म्हणत. आज मी तुम्हाला विमान उडण्याबद्दल काही सांगणार नाही. ते जमिनीवर चालतं कसं, त्या वेळी कोण कोणाशी काय बोलतं, आणि त्या बोलण्याचा आपल्यासारख्या माणसांशी काय संबंध, एवढंच सांगणार आहे.

विमान आकाशात असतं तेव्हा आपल्याला भीती वाटते. चाकं जमिनीला टेकली की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो आणि पट्टा सोडून बॅग काढायला उठतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. विमान घडवलेलं आहे ते उडण्यासाठी. जमिनीवर ते पाण्याबाहेरच्या बदकासारखं चालतं. त्याच्या चाकांना गाडीसारखी इंजिनाची ताकद नसते. इंजिनं हवा मागे फेकतात, त्या जोरावर ते पुढे सरकतं. त्याला मागचं दाखवणारे आरसे नसतात. तुम्ही-आम्ही नेहमी बसतो त्या एअरबस ३२० च्या पंखांचा पसारा या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ पस्तीस मीटर. परदेशी जाणाऱ्या मोठ्या बोईंगचा तर साठ मीटरच्या वर. मोठ्या विमानाच्या वैमानिकाला खुर्चीवरून स्वतःच्या पंखाचं टोकही नीट दिसत नाही. म्हणजे एक सबंध इमारत चाकांवर ठेवली आहे आणि चालवणारा समोरच्या खिडकीतून बघतो आहे, असा हा प्रकार. अशा पाच-पंचवीस इमारती रात्री, पावसात, एकमेकींच्या जवळून जायच्या. त्या एकमेकींना घासत नाहीत याचं मुख्य कारण म्हणजे बोलणं.

हे बोलणं कसं चालतं ते बघू. प्रवासी बसले, दारं लागली. वैमानिक रेडिओवर ‘ग्राउंड’ला विचारतो, मागे ढकलायला परवानगी आहे का? ग्राउंड म्हणजे टॉवरमधला, जमिनीवरच्या वाहतुकीपुरता असलेला नियंत्रक. मुंबईत २०१४ पासून जो नवा टॉवर वापरात आहे तो सुमारे ८४ मीटर उंच आहे; तिथून सगळा परिसर हातावर ठेवल्यासारखा दिसतो. परवानगी मिळाली की खाली आमचं काम सुरू. विमानाच्या नाकाशी एक माणूस कानाला हेडफोन लावून उभा असतो. त्याची वायर विमानाला जोडलेली. तो म्हणतो, ‘ब्रेक सोडा.’ वैमानिक म्हणतो, ‘ब्रेक सोडले.’ मग ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलतो. दोन्ही पंखांच्या टोकांशी एक-एक माणूस चालत असतो. ढकलून झालं की ‘ब्रेक लावा’, ‘ब्रेक लावले’. ट्रॅक्टर सुटतो. पुढच्या चाकाशी एक खिळ लावलेली असते, ढकलताना वैमानिकाच्या सुकाणूने चाक वळू नये म्हणून. ती काढायची, तिची लाल फीत वैमानिकाला दिसेल अशी हात उंच करून दाखवायची, वैमानिकाने हात हलवून ‘दिसली’ म्हणायचं, मग आम्ही बाजूला. ती लाल फीत दाखवणं म्हणजे ‘खाली आता कोणी नाही, तुम्ही मोकळे’ असा निरोप असतो.

पुढचा रस्ता पुन्हा ग्राउंड सांगतो. टॅक्सी-वेंना अक्षरांची नावं असतात आणि अक्षर नुसतं म्हणायचं नाही. एन म्हणायचं तर ‘नोव्हेंबर’, बी म्हणायचं तर ‘ब्राव्हो’. कारण बी, डी, पी, टी ही सगळी खरखरीत रेडिओत एकसारखीच ऐकू येतात. नऊला ‘नाइन’ म्हणायचं नाही, ‘नाइनर’ म्हणायचं. धावपट्टीलाही दिशेवरून आकडा असतो. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्वेकडे तोंड करून ०९, पश्चिमेकडे तोंड करून २७. म्हणजे होकायंत्रावरचे ९० आणि २७० अंश, शेवटचं शून्य काढून. दुसरी धावपट्टी १४ आणि ३२. या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे आपल्याकडे दोन असूनही साधारण एकीवरच काम चालतं. त्या एकीवर नोव्हेंबर २०१७ मध्ये एका दिवसात ९६९ विमानं चढली-उतरली आणि पुढच्या वर्षी हा आकडा हजाराच्या पुढे गेला. म्हणजे सरासरी दीड मिनिटाला एक विमान.

आता मुख्य गोष्ट. नियंत्रक सांगतो, ‘नोव्हेंबरवरून जा, धावपट्टी २७ च्या अलीकडे थांबा.’ यावर वैमानिकाने नुसतं ‘हो’ म्हणून चालत नाही. त्याने ते सगळं परत म्हणायचं, आपल्या विमानाच्या नावासकट: ‘नोव्हेंबरवरून जातो, धावपट्टी २७ च्या अलीकडे थांबतो.’ आणि नियंत्रकाने ते कान देऊन ऐकायचं. चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. धावपट्टीवर जाणं, ती ओलांडणं, तिच्या अलीकडे थांबणं, या गोष्टी परत म्हटल्याशिवाय आदेश पुरा झाला असं मानतच नाहीत. सांगणाऱ्याचं काम सांगून संपत नाही, ऐकून संपतं.

शिवाय डोळ्यांसाठी वेगळी भाषा आहे. टॅक्सी-वेच्या मधोमध हिरवे दिवे, कडेला निळे. धावपट्टीच्या तोंडाशी जमिनीवर पिवळे पट्टे, दोन सलग आणि दोन तुटक. सलग पट्टे ज्या बाजूला, त्या बाजूने परवानगीवाचून पुढे जायचं नाही. शेजारी लाल पाटीवर पांढरे आकडे. बऱ्याच ठिकाणी आडवी लाल दिव्यांची ओळ. ती विझल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचं नाही. आणि रेडिओच बंद पडला तर? तर टॉवरमधून दिव्याचा झोत दाखवतात. स्थिर लाल म्हणजे थांब. उघडझाप करणारा लाल म्हणजे धावपट्टीवरून बाजूला हो. उघडझाप करणारा हिरवा म्हणजे चालू लाग. उघडझाप करणारा पांढरा म्हणजे निघालास तिथे परत जा. आणि आम्हा मार्शलरांच्या हातातले दोन दांडे डोक्यावर फुलीसारखे आडवे झाले की थांब. ही खूण मुंबईत तीच आणि न्यूयॉर्कमध्ये तीच.

इतकं सगळं असूनही माणूस चुकतो. मीही चुकलो. ते सांगितल्याशिवाय मला पुढे बोलता येणार नाही.

१९९८ चा जुलै. रात्रीचा पाऊस, शेजारच्या जागेवर दुसऱ्या विमानाचं इंजिन घरघरतंय. मी हेडफोनवर होतो, दोन्ही पंखांशी दोन पोरं दिव्याचे दांडे घेऊन. नियम असा की दोन्ही बाजूंनी दिवा वर दिसला की जागा मोकळी. डावीकडचा दिवा मला दिसला. उजवीकडचा दिसला नाही. मी मनाशी म्हटलं, पाऊस आहे, दिसत नसेल. काही अडचण असती तर तो ओरडला असता. आणि मी ट्रॅक्टरवाल्याला हात केला. वास्तविक त्या पोराच्या दांड्यात पाणी जाऊन दिवा विझला होता. मागे कोणीतरी शिडीची गाडी उभी करून ठेवली होती. तो जिवाच्या आकांताने ओरडत माझ्याकडे पळत येत होता आणि इंजिनाच्या आवाजात मला काहीही ऐकू येत नव्हतं. ट्रॅक्टरवाल्याला तो पळताना दिसला. त्याने आपणहून ब्रेक दाबला. पंखाचं टोक शिडीपासून हातभर अंतरावर थांबलं. आत दीडशेच्या आसपास माणसं बसलेली होती. त्यांना फक्त एक हिसका बसला.

आमचे एक वरिष्ठ आले. मला वाटलं, आता खरडपट्टी. ते छत्री मिटून शांतपणे म्हणाले, ‘उजवीकडून तुला ठीक कोण म्हणालं?’

मी म्हटलं, ‘कोणीच नाही, साहेब.’

‘मग तू ऐकलंस कोणाचं?’

मला मेमो मिळाला, तो मी पुढे फाडून टाकला. हा प्रश्न मात्र अजून कानात आहे. कोणी ‘नाही’ म्हणालं नाही, याचा अर्थ मी ‘हो’ असा घेतला होता.

श्रोतेहो, जगातला सर्वांत मोठा विमान अपघात आकाशात झालेला नाही, जमिनीवर झाला आहे. २७ मार्च १९७७, तेनेरिफे नावाचं स्पेनचं बेट. दुसऱ्या विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे बरीच विमानं त्या छोट्या विमानतळावर वळवलेली. दाट धुकं. दोन जंबो जेट एकाच धावपट्टीवर. एक डच, टोकाला उड्डाणासाठी उभं. दुसरं अमेरिकन, त्याच धावपट्टीवरून चालत बाहेर पडण्याचं वळण शोधत होतं. डच वैमानिक म्हणाले की आम्ही ‘टेक-ऑफ’वर आहोत. नियंत्रकाला वाटलं, ते उड्डाणाच्या जागी थांबले आहेत. वास्तविक विमान धावू लागलं होतं. नियंत्रक ‘थांबा, मी सांगेन’ म्हणाला आणि नेमक्या त्याच क्षणी अमेरिकन वैमानिकाने सांगितलं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन्ही निरोप एकाच लहरीवर एकमेकांवर आदळले आणि डच विमानात ऐकू आली ती बहुतेक एक लांब शिट्टी. ५८३ माणसं गेली.

तुम्ही आम्ही मध्यम लहरींवर रेडिओ ऐकताना दोन स्टेशनं एकमेकांत घुसली की जशी शिट्टी ऐकू येते, तशीच ही. विमानांचा रेडिओही त्याच जातीचा, ए.एम. पद्धतीचा आहे. एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. एफ.एम.मध्ये जोरकस आवाज दुबळ्या आवाजाला पार गिळून टाकतो, दुसरा कोणी बोलला होता याचा पत्ताही लागत नाही. इथे निदान शिट्टी तरी होते. ती शिट्टीच सांगते की कोणाचं तरी बोलणं तुटलं, पुन्हा विचारा. तेनेरिफेला कोणी पुन्हा विचारलं नाही. डच विमानातल्या तिसऱ्या माणसाला, फ्लाइट इंजिनिअरला, शंका आली होती. त्याने विचारलंही, की ते दुसरं विमान बाहेर पडलं नाही का? कप्तानांनी ठामपणे ‘पडलं’ म्हणून सांगितलं. तो गप्प बसला. त्या अपघातानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द परवानगी देताना, ती परत म्हणताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असं ठरलं.

दुसरा अपघात इटलीत मिलानच्या लिनाते विमानतळावर, ८ ऑक्टोबर २००१ चा. पुन्हा धुकं. जमिनीवरची विमानं दाखवणारं रडार तेव्हा चालू नव्हतं. एक छोटं विमान चुकीच्या टॅक्सी-वेवर वळलं. वैमानिकाने जमिनीवर लिहिलेली खूण वाचून आपली जागा सांगितली, एस-४. खूण खरी होती, तिथेच होती. पण नियंत्रकाला एस-४ नावाची खूण कुठे आहे हेच माहीत नव्हतं. ते विमान चालत चालत धावपट्टीवर आलं आणि उड्डाण करणारं मोठं विमान त्याच्यावर आदळलं. ११८ माणसं गेली. आमचे पाहुणे राजापूरला उतरले होते तसंच हे. नाव खरं, पण दोघांच्या डोक्यातली जागा एक नाही.

तुम्ही म्हणाल, जुन्या गोष्टी झाल्या. २ जानेवारी २०२४ ची तोक्योच्या हानेदा विमानतळावरची गोष्ट घ्या. जपानी तटरक्षक दलाचं छोटं विमान भूकंपग्रस्तांना मदत घेऊन निघालं होतं. नियंत्रकाने त्याला धावपट्टीच्या अलीकडच्या जागेपर्यंत यायला सांगितलं आणि सांगितलं की तुझा नंबर पहिला. वैमानिकांनी आदेश बरोबर परत म्हटला. पण ‘नंबर पहिला’ याचा अर्थ कप्तानाने धावपट्टीवर जायची परवानगी असा घेतला. विमान धावपट्टीवर जाऊन सुमारे चाळीस सेकंद उभं राहिलं, आणि मागून उतरणारं प्रवासी विमान त्याच्यावर आदळलं. प्रवासी विमानातली ३७९ च्या ३७९ माणसं बाहेर पडली, छोट्या विमानातले सहापैकी पाच गेले. म्हणजे परत म्हणणंसुद्धा पुरत नाही. आदेशाला चिकटून आलेला एखादा प्रेमळ, जादा शब्दही घात करतो. तिथे इतकंच हवं होतं: ‘अलीकडे थांब.’

आपल्या मुंबईतही असे प्रसंग आले आहेत. ९ फेब्रुवारी २००९ ला तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या ताफ्यातलं हवाई दलाचं हेलिकॉप्टर धावपट्टीवर आलं, तेव्हा दिल्लीला निघालेलं विमान त्याच धावपट्टीवर धावत होतं. वैमानिकाने डोळ्यांनी पाहिलं आणि उड्डाण सोडून ब्रेक लावले; अनर्थ टळला. ८ जून २०२४ ला एक विमान उडत असतानाच त्याच धावपट्टीवर मागे दुसरं उतरलं. नशिबाने कोणाला काही झालं नाही. पण १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री तसं नशीब नव्हतं. हैदराबादला जाणारं विमान मागे ढकलून झालं होतं, खालचा माणूस अजून जवळच होता, आणि विमान चालू लागलं. तो सेवा-अभियंता इंजिनात ओढला गेला. मी त्या रात्री घरी होतो. सकाळी बातमी कळली तेव्हा मी कितीतरी वेळ माझ्या उजव्या हाताकडे बघत बसलो. याच हाताने मी हजारो वेळा लाल फीत उंच धरली होती. ती फीत म्हणजे काय, हे विमानात बसलेल्या कोणालाही माहीत नसतं.

आता माझ्या गावाकडे येतो.

निवृत्त झाल्यावर मला वाटलं होतं, आता खाडीवरचा वारा खात बसायचं. पण आमच्या कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ पट्ट्यात बसायला जागा कुठे आहे? जिथे भाताची शेतं होती तिथे गोदामं. मुंबईत तुमच्या घरी जी वस्तू खोक्यातून येते, ती बहुधा आमच्या भागातल्या कुठल्यातरी गाळ्यात रात्रभर राहून आलेली असते. रात्री दहानंतर कंटेनर येतात. गल्ली एवढीशी, आणि गाडी उलटी घेऊन गाळ्याच्या ओट्याला लावायची. मागे क्लीनर उभा. तो ओरडतो, ‘आन दे, आन दे, आन दे…’ आणि थांबायचं झालं की फाळक्यावर थाप मारतो. ड्रायव्हर उत्तर प्रदेशचा, क्लीनर बीडचा, वॉचमन नेपाळचा, हमाल आमच्याकडचे. आणि थापेचा नियम ज्याचा त्याचा.

माझ्या पुतण्याच्या दोन गाड्या आहेत. २०१९ साली एका गोदामात त्याच्या गाडीवर नवा क्लीनर होता, वीसेक वर्षांचा पोरगा. आधी तो ज्या गाडीवर होता तिथे दोन थापा म्हणजे ‘थांब’. आमच्या ड्रायव्हरच्या हिशेबी एक थाप म्हणजे ‘थांब’ आणि दोन म्हणजे ‘येऊ दे’. पोराने दोन थापा मारल्या. गाडी आली. पोराने अंग काढून घेतलं, पण हात ओटा आणि फाळका यांच्यामध्ये राहिला.

मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा पुतण्या भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, ‘काका, कुनाची चुकी नाय हो. ड्रायवरला वाटला येऊ दे, पोराला वाटला थांबंल.’ ड्रायव्हर कोपऱ्यात उभा राहून रडत होता. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, ‘उसने दो मारा था, साहब.’ आणि ते खरंच होतं.

पोराचा हात मनगटाच्या वर कापावा लागला. तो आता गावी असतो. दिवाळीला फोन करतो, मला ‘काका’ म्हणतो. त्याचं नाव मी इथे घेत नाही.

महिन्याभराने पुतण्या म्हणाला, ‘काका, तुमी येवढी इमानं लावलीव, आमच्या गाड्या लावून दावा ना.’ मग मी बसलो. मी काही नवीन शोधलं नाही. चौतीस वर्षं जे केलं तेच मराठी-हिंदीत आणलं. पहिलं म्हणजे थाप बंद. आवाजावर विसंबायचं नाही, खूण हाताने किंवा बॅटरीने करायची. दुसरं, एका गाडीला ‘ये’ म्हणणारा माणूस एकच, आणि तो ड्रायव्हरला आरशात दिसलाच पाहिजे. तो दिसेनासा झाला की गाडी थांबली पाहिजे. का, कशाला, हे नंतर. तिसरं, ‘ये’ एकानेच म्हणायचं, पण ‘थांब’ कोणीही म्हणू शकतो. हमाल, चहा घेऊन आलेला पोऱ्या, कोणीही. आणि ‘थांब’ म्हणणाऱ्याला नंतर ओरडायचं नाही, तो चुकला असला तरी. तेनेरिफेच्या त्या फ्लाइट इंजिनिअरचं ऐकलं असतं तर, हे मी त्यांना सांगितलं. चौथं, गेटवर वॉचमनने गाळा सांगितला की ड्रायव्हरने तो परत सांगायचा. शेजारच्या दोन्ही कंपाउंडांत ए-४ नावाचा गाळा होता. महिन्यातून दोन-चार गाड्या भलतीकडे घुसून उलट्या फिरत. आम्ही आमच्या गाळ्यांना कंपाउंडच्या नावासकट मोठे आकडे रंगवले. आपल्या गावातला लिनाते आपणच मिटवायचा.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. पहिल्या आठवड्यात ड्रायव्हर हसायचे. एक म्हणाला, ‘चाचा, ये हवाई अड्डा नहीं है.’ मी म्हटलं, ‘तेरे को कुछ नहीं होगा, पीछे वाले को होगा.’ तो गप्प झाला. सहा महिन्यांनी, दिवाळीच्या गर्दीत, पुन्हा थापा ऐकू येऊ लागल्या. नवी माणसं येतात, जुनी जातात, घाई असते. विमानतळावरही असंच होतं, म्हणून तर तिथे पुन्हा पुन्हा शिकवतात. मीही दर दोन-तीन महिन्यांनी संध्याकाळी एक चक्कर मारतो. चहा पितो, नव्या पोरांना उभं करतो, खुणा करून घेतो. डोक्यावर हातांची फुली त्यांना फार आवडते.

घाईबद्दल एक सांगतो. मोठ्या विमानतळांवर, मुंबईतही, आता एक पद्धत आहे. विमान तयार झालं की ते लगेच सोडत नाहीत. कंपनी, नियंत्रक, विमानतळ सगळे मिळून एक वेळ ठरवतात, आणि धावपट्टीची पाळी येईपर्यंत ते आपल्या जागेवरच, इंजिन बंद ठेवून थांबतं. रांगेत उभं राहून एअरबस ३२० सारखं विमान मिनिटाला दहा-बारा किलो इंधन जाळतं, ते वाचतं आणि गर्दी कमी होते. प्रवाशांना वाटतं, उशीर करताहेत. वास्तविक थांबायचंच आहे, ते कुठे थांबायचं एवढाच प्रश्न. आमच्या गल्लीतही आता तीन कंटेनर एकदम घुसत नाहीत. दोन मोठ्या रस्त्याच्या कडेला थांबतात, फोन आला की येतात. गल्ली तेवढीच आहे, पण भांडणं कमी झाली आहेत.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं उडू लागली. आमच्या भागातली काही पोरं तिथे कामाला लागण्याच्या खटपटीत आहेत. मला विचारायला येतात. मी त्यांना इंग्रजीची भीती घालवायला सांगतो. रेडिओवरचं इंग्रजी साहित्यातलं नसतं, ते मोजक्या शब्दांचं, ठरलेलं असतं. पण त्याआधी मी त्यांना एक परीक्षा घालतो. त्यांना काहीतरी काम सांगतो. जो नुसतं ‘हो काका’ म्हणून उठतो त्याला परत बसवतो. ‘मी काय सांगितलं ते सांग,’ म्हणतो.

ही परीक्षा माझी नाही, आमच्या घरातली आहे. ‘कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा,’ असं सांगून पत्नी देवळात जाते. मी पेपरातून डोकं न काढता ‘हो’ म्हणालो की ती चप्पल घालता घालता थांबते. ‘काय सांगितलं मी?’ असं विचारते. मी म्हणतो, ‘तीन शिट्ट्या, गॅस बंद.’ मगच ती दार ओढून घेते. तिने विमानतळ आतून कधी पाहिलेला नाही.

आज रात्री तुमच्या गल्लीत कोणी गाडी मागे घेत असेल आणि तुम्ही तिथे असाल, तर ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणण्यापूर्वी ड्रायव्हरला तुम्ही आरशात दिसता का, तेवढं बघा. दिसत नसलात तर आधी त्याला थांबवा.